कागदपत्रांचा गोषवारा व कृत्रिम बुद्धीचें यंत्र

(१) प्रयोजन

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारा मनुष्य बहुधा त्या कामावर पोट भरीत नाहीं. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेंत शिक्षक होते. शाळा सांभाळून त्यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें निवडलीं, वाचलीं व 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'च्या रूपानें छापलीं. आजचे संग्राहकहि कोणी वकील, कोणी वैद्य, कोणी हिशेबतपासनीस, कोणी शिक्षक असेच आहेत. दिवसभर आपला धंदा करावा व रात्रीं रुमाल सोडून बसावें, असा त्यांचा क्रम असतो. या मंडळींच्या धंद्यांत गेल्या कांहीं वर्षांत एक नवें साधन शिरलें आहे. करारनामा, निवाडा किंवा लांबलचक अहवाल कृत्रिम बुद्धीच्या यंत्रास द्यावा, "याचा सारांश सांग" असें लिहावें, आणि पन्नास पृष्ठांचा मजकूर अर्ध्या पृष्ठांत समोर यावा, हा आतां नित्याचा व्यवहार झाला आहे. ज्यास हें साधन दिवसा उपयोगी पडलें तो रात्रीं आपल्या रुमालासहि तें लावून पाहणार, हें उघड आहे.

या प्रयत्नास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. घरोघरीं पडलेले रुमाल कसर खात आहे, आणि तें सर्व कागद वाचण्यास जितके डोळे पाहिजेत तितके आपणांपाशीं नाहींत. परंतु धंद्यांतील सारांशाची जी रीत, ती जशीच्या तशी ऐतिहासिक कागदास लावल्यास कागदांतील पुरावाच नष्ट होतो, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. यंत्रास लिहून द्यावयाच्या सूचनेस 'प्रॉम्प्ट' हा शब्द रूढ झाला आहे. या लेखांत तिला आज्ञा म्हटलें आहे. ही आज्ञा कशी असली म्हणजे येणारा गोषवारा संशोधकाच्या उपयोगीं पडतो, व कितीहि चांगली आज्ञा दिली तरी कोणतें काम यंत्रावर टाकतां येत नाहीं, या दोन गोष्टी दाखविणें हें प्रस्तुत लेखाचें प्रयोजन होय.

(२) गोषवाऱ्याची जुनी रीत

गोषवारा हा शब्द फारसींतून आपल्या हिशेबी भाषेंत आला. मूळ फारसींत त्याचा एक अर्थ कानांतील दागिना असाहि आहे. आपल्याकडे मात्र मोठ्या हिशेबाचा आटोपशीर मेळ, याच अर्थानें तो नांदला. पेशवाईंतील जमाखर्चाची रचना पाहिली असतां ती गोषवाऱ्यांची एक उतरंडच आहे असें दिसतें. रोजच्या नोंदी रोजकीर्दींत होत. त्यांवरून बाबवार खतावणी तयार होई. खतावणीवरून ताळेबंद काढीत. वरच्या पायरीवरील कारभाऱ्यास रोजकीर्द वाचण्यास सवड नसे, म्हणून ताळेबंद. तथापि ताळेबंद झाला म्हणून कोणी रोजकीर्द फाडून टाकीत नसे. एखाद्या रकमेविषयीं शंका आली तर बाब व तारीख पाहून मूळ नोंदीपर्यंत खालीं उतरतां येत असे. गोषवारा विश्वासार्ह ठरे तो या परतीच्या वाटेमुळें. केवळ तो थोडक्यांत होता म्हणून नव्हे.

छापील साधनांच्या बाबतींतहि हाच न्याय दिसतो. इंग्लंडांत सरकारी दप्तरांतील कागदांच्या तारीखवार सारांशांचे खंड इ. स. १८५६ पासून निघूं लागले. हिंदुस्थान सरकारच्या दप्तरखान्यानें फारसी पत्रव्यवहाराच्या इंग्रजी सारांशांचा पहिला खंड इ. स. १९११ मध्यें प्रसिद्ध केला. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग इ. स. १९३० ते १९३४ या अवधींत संपादिले. त्यांत मूळ मराठी कागदच छापिले आहेत. या निरनिराळ्या रीतींचे गुणदोष सर्व अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. जेथें मूळ पत्र शेजारीं आहे तेथें संपादकाची चूक वाचकास सुधारतां येते. जेथें नुसता सारांशच हातीं येतो तेथें वाचक सारांशकर्त्याच्या समजुतीच्या बाहेर जाऊंच शकत नाहीं. यंत्राच्या गोषवाऱ्यास हीच कसोटी लाविली पाहिजे.

(३) यंत्र सारांश कसा करतें

यंत्राकडून सारांश करून घेण्याची कल्पना अगदीं नवी नाहीं. आयबीएम कंपनींतील हान्स पीटर लून यानें इ. स. १९५८ मध्यें एक पद्धति प्रसिद्ध केली. लेखांत कोणते शब्द वारंवार आले हें यंत्रानें मोजावें, ज्या वाक्यांत असे शब्द दाटीनें आले असतील तीं वाक्यें वेंचावीं, व तींच ओळीनें मांडावीं, अशी ती होती. तो सारांश ओबडधोबड असे. महत्त्वाची गोष्ट सुटूनहि जाई. परंतु त्यांतील प्रत्येक वाक्य मुळांतलें असे. तो सारांश अपुरा असूं शकत असे, पण त्यांत मूळ लेखांत नसलेलें वाक्य येण्यास जागाच नव्हती.

हल्लींच्या यंत्रांची जात निराळी आहे. गूगलच्या संशोधकांनीं इ. स. २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका रचनेवर तीं उभारलेलीं आहेत, आणि इ. स. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांस खुलें झाल्यावर त्यांचा सार्वत्रिक प्रसार झाला. हीं यंत्रें अपार मजकुरावर शिकविलेलीं असतात, व समोरच्या मजकुरानंतर कोणता शब्दखंड येणें संभवनीय आहे हें ठरवीत ठरवीत नवें वाक्य रचतात. म्हणून त्यांची भाषा सफाईदार असते. परंतु मुळांत एखादी जागा रिकामी असली तर तेथें जें साधारणतः असतें तें येऊन बसण्याचा संभव असतो. न्यूयॉर्क येथील एका खटल्यांत वकिलांनीं चॅटजीपीटीनें सांगितलेले, परंतु मुळांत कोठेंच नसलेले निवाडे न्यायालयापुढें मांडले. न्यायाधीशांनीं जून २०२३ मध्यें त्यांस व त्यांच्या पेढीस मिळून ५००० डॉलर दंड केला. ते निवाडे दिसावयास खऱ्यासारखेच होते, आणि फसगत झाली ती त्यामुळेंच.

दुसरी गोष्ट मोठ्या मजकुराची. इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसून आलें कीं, लांब मजकूर दिला असतां यंत्रें आरंभींचा व शेवटचा भाग बरा वापरतात, मधल्या भागांतील माहिती त्यांच्या हातून निसटते. यंत्रांत पुढें सुधारणा होत गेली असली तरी सावधगिरी ठेवणें इष्ट आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्या कागदांची. यंत्र गोषवारा करतें तो मोडी कागदाचा नव्हे, त्याच्या वाचनाचा. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. बाळबोध नक्कल करतांना, मग ती मनुष्यानें केलेली असो वा यंत्रानें, जी चूक झाली ती गोषवाऱ्यांत शिरते, आणि तेथें ती ओळखूं येत नाहीं. म्हणून वाचन व गोषवारा हीं दोन कामें एकाच आज्ञेंत कधींहि गुंतवूं नयेत. आधीं नक्कल कागदाशीं ताडून पाहावी, मग गोषवारा मागावा.

(४) एक नमुना

विवेचन सोपें व्हावें म्हणून एक पत्र येथें मुद्दाम रचून दिलें आहे. हें अस्सल पत्र नव्हे. जुन्या पत्रांत नेहमीं भेटणाऱ्या अडचणी एके ठिकाणीं याव्या एवढाच उद्देश आहे. ओळींचे अंक आमचे आहेत.

१. राजश्री बापू स्वामींचे सेवेसी विनंति उपरी येथील कुशल छ ११ साबान पावेतों
२. जाणून स्वकीय लेखन करीत जावें. विशेष. आपण देवस्थानचे सनदेविषयीं लिहिलें.
३. ऐसियास कैलासवासी नानासाहेब यांणीं देवास जमीन बिघे ५ करून दिल्ही
४. व सनद आम्हांपासीं आहे म्हणोन लोक सांगतात; परंतु आम्हीं दृष्टीनें पाहिली नाहीं.
५. वडिलांचे रुमालीं शोध करितों. सांपडल्यास पाठवून देऊं. सालमजकुरीं
६. रुपये १२५॥। भरणा केला. बाकीविषयीं मामलेदार तगादा करितात.
७. गांवीं पर्जन्य नाहीं. (येथें कागद फाटला आहे) बोलोन निश्चय करावा.
८. बहुत काय लिहिणें. हे विनंति.
माथ्यावर निराळ्या हातानें: पैवस्ती छ २० साबान.

आतां "या पत्राचा थोडक्यांत सारांश सांग" एवढीच आज्ञा दिली तर ज्या धर्तीचा गोषवारा हातीं येतो ती धर्त पुढीलप्रमाणें. दोष एकत्र दिसावे म्हणून हाहि नमुना आम्हींच जुळविला आहे.

"नाना फडणीस यांनीं देवस्थानास पांच बिघे जमीन इनाम दिली असून तिची सनद लेखकाजवळ आहे. दुष्काळामुळें सारा थकला आहे. लेखकानें १२५ रुपये भरले असून बाकीसाठीं मामलेदारांचा तगादा आहे. लेखक सनद लवकरच पाठवील. मामलेदारांशीं बोलून प्रश्न मिटवावा अशी त्याची विनंति आहे. पत्र २० साबानचें आहे."

धंद्याच्या घाईंत वाचणाऱ्यास हा गोषवारा उत्तम वाटेल. त्यांत अडखळण्यासारखें कांहींच नाहीं. परंतु मुळाशीं ताडून पाहतां काय दिसतें? लोक सांगतात ती गोष्ट येथें सिद्ध होऊन बसली. लिहिणारा तर सनद पाहिली नाहीं असें स्पष्ट म्हणतो. "सांपडल्यास" ही अट गळून गेली व तिच्या जागीं वचन आलें. रुपयांपुढील उभ्या रेघा पूर्णविराम समजून टाकून दिल्या. त्या पाऊण रुपयाच्या होत्या. भरणा कोणी केला हें पत्रांत नाहीं. गोषवाऱ्यानें तो लेखकाच्या माथीं मारला. पाऊस नाहीं व बाकी आहे या दोन स्वतंत्र गोष्टी. त्यांचें कार्यकारण यंत्रानें जुळविलें. फाटलेल्या जागीं मामलेदार बसविला. पत्र पोंचल्याची मिति लिहिल्याची म्हणून दिली. आणि शेवटीं, नानासाहेबांचे नाना फडणीस झाले, कारण छापील ग्रंथांत 'नाना' म्हटलें कीं बहुधा तेच येतात.

यांत काय बिघडलें, असें कोणी विचारील. समजा, हा रुमाल एखाद्या वकिलाच्या हातीं आला आहे व देवस्थानच्या जमिनीचा वाद त्याच्याकडे चालला आहे. गोषवारा वाचून तो सनद या घराण्यापाशीं होती असें धरून चालेल, व ज्या घरीं ती खरोखर असेल तिकडे शोध करणार नाहीं. उलट, संग्राहकानें गोषवारा वाचून पत्र "किरकोळ महसुली" म्हणून बाजूस टाकलें, तर पुन्हां तें कोणी उघडणार नाहीं. गोषवाऱ्यामुळें कागद नष्ट होत नाहीं हें खरें. पण न उघडलेला कागद आणि नसलेला कागद यांत अभ्यासकाच्या दृष्टीनें फारसें अंतर राहत नाहीं.

(५) आज्ञेची कलमबंदी

जुन्या फडांत नव्या कारकुनास "हें पाहून घ्या" एवढेंच सांगून कोणी मोकळा होत नसे. कलमवार याद करून देत. यंत्रासहि तेंच करावें. आमच्या उपयोगीं पडलेली आज्ञा खालीं देतों. आपल्या कामाप्रमाणें तींत फेरफार करावा.

"खालील मजकूर अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकांतील मराठी पत्राची नक्कल आहे. गोषवारा वाचणारा इतिहासाचा अभ्यासक आहे. मूळ पत्र वाचावें कीं नाहीं व कोणत्या विषयासाठीं वाचावें, हें त्यास ठरवावयाचें आहे. कलम १: या मजकुरापलीकडील माहिती घालूं नये. कलम २: नांवें पत्रांत आहेत तशींच द्यावीं, व्यक्ति ओळखूं नये, पदव्या व 'कैलासवासी' इत्यादि विशेषणें गाळूं नयेत. कलम ३: मित्या, सालें, रकमा व मापें अक्षरशः उतरून घ्यावीं, इसवी तारीख काढूं नये. लिहिल्याची व पोंचल्याची मिति वेगळी दाखवावी. कलम ४: लिहिणाऱ्यानें स्वतः सांगितलेलें, दुसऱ्याकडून ऐकलेलें, मागितलेलें व देऊं केलेलें, अशीं चार सदरें करावीं, अटी कायम ठेवाव्या. कलम ५: पत्रानें जोडलेलीं नाहींत अशीं कारणें जोडूं नयेत. कलम ६: फाटलेली किंवा न लागलेली जागा तशी लिहावी, ती भरूं नये. कलम ७: प्रत्येक विधानापुढें ओळीचा अंक द्यावा. कलम ८: जी बाब पत्रांत नाहीं तेथें 'उल्लेख नाहीं' असें लिहावें. कलम ९: वरील सर्व साधून जितकें थोडक्यांत होईल तितकें करावें."

यांतील कलमांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. वाचक कोण व त्यास काय ठरवावयाचें आहे, हें आरंभींच सांगितलें आहे, तें सर्वांत महत्त्वाचें. एकाच पत्राचा महसुलाच्या अभ्यासकास लागणारा गोषवारा निराळा, वंशावळी जुळविणारास लागणारा निराळा. हेतु सांगितला नाहीं तर यंत्र सरासरी वाचक कल्पून लिहितें, आणि असा सरासरी वाचक आपल्या मंडळींत कोणीच नसतो. लांबीची अट शेवटीं ठेविली आहे तीहि बुद्ध्या. "पांच ओळींत सांग" असें आधीं म्हटलें म्हणजे ओळी भरण्यासाठीं प्रथम अटी, शंका व विशेषणें जातात. आणि इतिहासाचा पुरावा बहुधा त्यांतच दडलेला असतो. कलम ७ चें काम रोजकीर्दीच्या तारखेसारखें आहे. तेंच मुळाकडे परत नेतें. अंक दिला म्हणून विधान खरें ठरत नाहीं, यंत्र अंकहि चुकीचा देऊं शकतें. परंतु अंक असला म्हणजे खरेंखोटें पाहण्यास घटकाभर पुरे होतो.

या आज्ञेप्रमाणें वरील पत्राचा गोषवारा असा व्हावयास पाहिजे: "लिहिणार, उल्लेख नाहीं. ज्यास लिहिलें, राजश्री बापू (ओ. १). लिहिल्याची मिति छ ११ साबान (ओ. १), साल नाहीं, पैवस्ती छ २० साबान (माथा). विषय, देवस्थानची सनद (ओ. २). ऐकीव: कैलासवासी नानासाहेब यांणीं देवास बिघे ५ दिले व सनद लिहिणाऱ्यापाशीं आहे (ओ. ३-४). स्वतः सांगितलेलें: सनद पाहिली नाहीं (ओ. ४), वडिलांच्या रुमालांत शोध चालू (ओ. ५), सालमजकुरीं रुपये १२५॥। भरणा, कोणी केला उल्लेख नाहीं, बाकीविषयीं मामलेदारांचा तगादा (ओ. ५-६), गांवीं पर्जन्य नाहीं (ओ. ७). देऊं केलेलें: सांपडल्यास सनद पाठविणें (ओ. ५). मागितलेलें: बोलून निश्चय करणें, कोणाशीं व कशाविषयीं तें फाटलें आहे (ओ. ७)."

हा गोषवारा वाचावयास रुक्ष आहे, पण अभ्यासकाचें काम येथून सुरू होऊं शकतें. नानासाहेब म्हणजे पेशवे असें इतर पत्रांवरून ठरलें, तर 'कैलासवासी' या एका शब्दावरून पत्र २३ जून १७६१ नंतरचें ठरतें. पुढें पावसाचें वाक्य पाहावें. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यामुळें साबान महिना सर्व ऋतूंतून फिरत असतो. "पर्जन्य नाहीं" ही तक्रार पावसाळ्यांतच संभवते, म्हणून ज्या वर्षीं ११ साबान जून ते सप्टेंबर या महिन्यांत आला त्याच वर्षांत पत्र शोधावयाचें. १७६१ नंतर पेशवाईच्या अखेरीपर्यंत असे दोनच अवधि सांपडतात. एक सुमारें १७७६ ते १७८६, दुसरा १८०९ ते १८१७. बापू कोण व मामलेदार कोण हें शेजारच्या पत्रांवरून पाहिलें म्हणजे दोहोंपैकीं एक अवधि गळण्याचा संभव आहे. सालाचा उल्लेख नसलेलें पत्र अशा रीतीनें एका विशेषणावर व एका क्षुल्लक वाक्यावर काळाच्या चौकटींत बसतें. पहिल्या गोषवाऱ्यानें विशेषण गाळलें होतें, नांव बदललें होतें, आणि पावसाच्या वाक्याचें दुष्काळांत रूपांतर केलें होतें. त्यावरून हा शोध कोणासहि करतां आला नसता.

(६) मोठ्या रुमालाची व्यवस्था

तीनशें पत्रांचा रुमाल एकदम यंत्रापुढें टाकून "यांत काय आहे" असें विचारण्याचा मोह होतो. तसें करूं नये. प्रत्येक पत्रास प्रथम आपला अंक द्यावा. एकेका पत्राचा गोषवारा वरील आज्ञेनें निराळा करून घ्यावा. मग त्या गोषवाऱ्यांची सदरवार यादी करावी. आणि सर्वांचा मिळून गोषवारा हवाच असेल तर तो शेवटीं, पत्रांचे अंक कायम ठेवून करावा. ही रोजकीर्द, खतावणी व ताळेबंद यांचीच पायरी आहे. वरच्या पायरीवर शंका आली कीं अंक धरून खालीं उतरावें.

पहिल्या दहा पत्रांचें काम आज्ञेची परीक्षा म्हणून समजावें. तीं पत्रें आपण स्वतः आधीं वाचावीं, टिपण करावें, व मग यंत्राचा गोषवारा पाहावा. क्रम उलटा केल्यास गोषवाऱ्यांतील चूक आपल्याहि डोळ्यांत शिरते व मूळ वाचतांना तीच दिसूं लागते. जी चूक पुन्हां पुन्हां आढळेल तिच्यासाठीं आज्ञेंत कलम वाढवावें. पुढील पत्रांपैकींहि दर दहा-पंधरांत एक पत्र न चुकतां मुळांतून वाचावें. एकच पत्र दोन वेळां यंत्रास देऊन पाहणें उपयुक्त असतें. दोन गोषवारे जेथें भिन्न पडतात ती जागा संशयित समजावी. मात्र ते जुळले म्हणून शंका फिटली असें मानूं नये. एकच चूक दोनदांहि होते.

येथें एक नाजूक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. कित्येक कुटुंबें आपले रुमाल केवळ विश्वासावर संग्राहकाच्या हातीं देतात. कागदाची नक्कल यंत्रास देणें म्हणजे बहुधा ती दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर पाठविणें होय, आणि ती तेथें किती दिवस राहील व कोणत्या कामीं लागेल हें त्या त्या कंपनीच्या अटींवर अवलंबून असतें. वकील पक्षकाराच्या कागदांविषयीं जी काळजी घेतो, तीच संग्राहकानें घ्यावी. मालकास विचारल्यावांचून दत्तकाचे, वाटणीचे व घरगुती कलहाचे कागद यंत्रापुढें ठेवूं नयेत.

(७) यंत्राच्या व गोषवाऱ्याच्या मर्यादा

आज्ञा कितीहि सावधपणें लिहिली तरी कागद जें बोलतो तेवढेंच गोषवाऱ्यांत येणार. कागदानें जें झांकलें आहे तें काढावयास वाचणाराच पाहिजे. ग्रँट डफनें आपल्या इ. स. १८२६ च्या इतिहासांत दिलेली सावकारी चिठ्ठी सर्वांस ठाऊक आहे. पानिपतच्या संग्रामानंतर उत्तरेकडून आलेल्या त्या चिठ्ठींत दोन मोत्यें गळाल्याचा, कांहीं मोहरा गेल्याचा, आणि रुपये व तांबें यांच्या नुकसानीची गणतीच नसल्याचा मजकूर होता. मोत्यें म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, हें जाणत्यांनीं ओळखलें. आमच्या नवव्या कलमापर्यंत सर्व कलमें तंतोतंत पाळून या चिठ्ठीचा गोषवारा केला तर तो काय येईल? "सावकारी मालाचा तोटा." तो बिनचूक असेल, आणि त्यावरून संग्राहक ती चिठ्ठी व्यापारी कागदांच्या गठ्ठ्यांत बांधून ठेवील. आज यंत्रास ही चिठ्ठी ओळखतां आली तर ती प्रसिद्ध आहे म्हणून. आपल्या रुमालांत पडलेली तशीच दुसरी चिठ्ठी कोणीं छापलेली नाहीं.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, यंत्राचा गोषवारा ही कागदाकडे जाण्याची वाट समजावी. पुरावा म्हणून तो कोठेंहि उद्धृत करूं नये. कोणतें पत्र आधीं वाचावें हें त्यानें सांगावें. कोणतें पत्र वाचूंच नये हें सांगण्याचा अधिकार त्यास देऊं नये. सवड नाहीं म्हणून न वाचलेलीं पत्रें "पाहावयाचीं राहिलीं" अशा शेऱ्यानें वेगळीं ठेवावीं, म्हणजे पुढील पिढींतील कोणी तीं उघडील.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति आहे. रुमालांत यंत्राचा गोषवारा ठेवावयाचा झाल्यास त्याच्या माथ्यावर चार गोष्टी अवश्य लिहाव्या: गोषवारा यंत्रकृत आहे; कोणत्या यंत्राकडून, कोणत्या आज्ञेनें व कोणत्या तारखेस केला; नक्कल कोणीं वाचली; आणि गोषवारा अस्सलाशीं ताडून पाहिला आहे किंवा नाहीं. एवढ्या चार ओळी लिहिण्यास पळभर लागतो. त्या नसल्या तर पन्नास वर्षांनीं तो रुमाल सोडणारास कोणता शब्द पत्रलेखकाचा व कोणता यंत्राचा हें ओळखण्याचें साधन राहणार नाहीं. ज्यांनीं या रीतीनें काम करून पाहिलें असेल त्यांनीं आपल्या आज्ञा व त्यांत आढळलेल्या चुका टिपून ठेवाव्या व परस्परांस दाखवाव्या, म्हणजे कलमें पक्कीं होत जातील.